रिता पाळणा उंबऱ्याबाहेर जात नाही

मला पाहायला आले तेव्हा नवऱ्या मुलाशी मी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "म्हाका भुरगें नाका." मला मूल नको. आमच्या मांद्र्याच्या घरात पोह्यांच्या बशा फिरत होत्या, आणि आम्हा दोघांना 'जरा बोलून घ्या' म्हणून मागच्या अंगणात माडाखाली उभं केलं होतं. आई जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, आडून डोळे मोठे करून बघत होती. मी अठ्ठावीस वर्षांची, प्राथमिक शाळेत मास्तरीण. आईच्या मते या वयात मुलीनं अटी घालायच्या नसतात, घातलेल्या ऐकायच्या असतात.

समोरचा माणूस चपलेच्या टोकानं वाळू उकरत होता. तो मान वर न करता म्हणाला, "म्हाकाय नाका."

मला वाटलं, लग्न जमावं म्हणून थापा मारतोय. वर्गात विचारते त्याच आवाजात मी विचारलं, "कित्याक?" का?

"आमच्या घरासमोर एक दोंगर आशिल्लो," तो म्हणाला. "आतां अर्दो उरला. तो हांवच मेजून धाडटां." गेलेला डोंगर मीच मोजून पाठवतो.

तेव्हा मला कळलं की हा थापा मारणाऱ्यांतला नाही. तो नदीवरच्या धक्क्यावर टॅली क्लार्क होता. खाणीवरून खनिजाचे ट्रक येत, बार्जेत रिकामे होत, आणि बार्ज भरली की मुरगावच्या बंदराकडे जाई. कुठला ट्रक कितव्यांदा आला, ते लिहीत हा दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये बसे. घर डिचोली तालुक्यात, लाटंबार्शाकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरासमोरच्या डोंगराचा गाळ पावसात ओढ्यानं यायचा आणि त्याच्याच वडिलांनी कसलेल्या शेतात बसायचा. म्हणजे पगार डोंगराचा आणि चिखलही डोंगराचा. असल्या ठिकाणी मूल आणून त्याला काय दाखवायचं, असं त्याचं साधं म्हणणं होतं.

माझं म्हणणं मात्र साधं नव्हतं. मी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई. बाँब, दुष्काळ, माणसांची गर्दी, आटलेल्या विहिरी, सगळं मला तोंडपाठ होतं. शाळेत मधल्या सुटीत कुणी बाई पेढे घेऊन आली की मी पेढा खायचे आणि वर भाषण द्यायचे, की होडीला भोक पडलेलं दिसत असताना तिच्यात नवा माणूस बसवणं हा शुद्ध स्वार्थ आहे. पेढे देणाऱ्या बाया मला का टाळायच्या, हे मला फार उशिरा उमगलं.

तर अशा दोन 'नाकां'चं लग्न झालं. महिनाभरात मी सासूबाईंना आमचा निर्णय सांगून टाकला. मनात ठेवून कुढायचा माझा स्वभाव नाही. सासूबाई एकटीनं शेत आणि काजूचं रान सांभाळणारी बाई. बोलणं कमी, हात सतत कामात. त्यांनी माझं भाषण सुपातला तांदूळ निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकलं, म्हणाल्या, "बरें. हांव गाय पळोवन येतां." आणि गोठ्याकडे गेल्या. पुढं मला कळलं की त्यांना एखादी गोष्ट पटली नाही की त्या गाय बघायला जातात. आमच्या गायीकडे जगातल्या कुठल्याही गायीपेक्षा जास्त लक्ष दिलं गेलं असेल.

आता पाळण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे वाडा म्हणजे मोठं घर नव्हे. पंधरावीस घरांची वस्ती म्हणजे वाडा. आमच्या वाड्यात पाळणा एकच होता. फणसाच्या लाकडाचा, कठड्याला पोपट कोरलेले, त्यांतल्या एकाची चोच कुणा दात येणाऱ्या पोरानं खाल्लेली. तो कुणी केला, कुणाच्या मालकीचा, कुणालाच माहीत नाही. ज्या घरात बाळ, त्या घरात पाळणा. दुसरा करायचा नाही, कारण एका पाळण्यात झोपलेली पोरं मोठेपणी भांडली तरी कोर्टात जात नाहीत, असा समज. आणि त्या पाळण्याचा एक नियम होता. एकदा तो उंबऱ्याच्या आत आला की रिता बाहेर काढायचा नाही. त्याच घरच्या बाळाला त्यात घालायचं, बाळासकट उंबरा ओलांडायचा, मग पुढच्या घरी न्यायचा.

गोवा राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात भाषेच्या भांडणानं कहर केला होता. कोंकणी की मराठी. रस्त्यांवर झाडं आडवी, बस बंद, पाववाला पोदेरसुद्धा सायकल अडवतील म्हणून उंडे घेऊन येईना. आमच्या शाळेत वर्षानुवर्षं एकमेकींच्या डब्यातली सुंगटांची किसमूर खाणाऱ्या बाया पाठ फिरवून जेवायला लागल्या. मी स्वतः मराठी शिकवून पोट भरणारी, आणि नवऱ्याशी भांडायचे ते कोंकणीतून. कुणाच्या बाजूनं ओरडू? दोन्ही बाजूंवर चिडून मी घरी बसले होते.

अशा बंदच्या दिवशी दोन पुरुष तो पाळणा खालच्या घरातून वरच्या घरी न्यायला निघाले. वरच्या घरातल्या सुनेला दिवस भरत आले होते. खालच्या घरातून पाळणा बाळासकट रीतसर बाहेर निघाला, बाळ आईकडे परत गेलं, आणि चादर झाकून हे दोघे वाटेला लागले. पुढं आमचा तावेर्नवाला, म्हणजे दारूच्या दुकानाचा मालक, पोट सुटलेला, कोंकणीचा कैवारी. मागं देवळात ढोल वाजवणारा, काठीसारखा वाळलेला, मराठीचा कैवारी. दोघं पाळणा खांद्यावर घेऊन भांडत चालले होते. गंमत म्हणजे एक कोंकणीसाठी आणि दुसरा मराठीसाठी, पण शिव्या दोघांच्याही एकाच बोलीतल्या.

इतक्यात वळणावर पोलिसांची जीप दिसली. खांद्यावर चादरीखाली झाकलेलं मोठं लाकूड, रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडांचे दिवस, आणि दोघांनीही आदल्या दिवशी कुठं ना कुठं घोषणा दिलेल्या. त्यांची पाचावर धारण बसली. समोर आमचं दार उघडं. दोघे पाळण्यासकट आत घुसले आणि आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीच्या खोलीत, पाळणा टेकवून दाराआड उभे राहिले. जीप निघून गेली. तिच्यातल्या पोलिसानं आमच्या घराकडे पाहिलंही नव्हतं.

सासूबाई आतून आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी पाळण्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे, मग त्या दोघांकडे.

"मेल्यांनो," त्या म्हणाल्या, "रितो पाळणो भितर हाडलो? आतां तो भायर कसो वतलो?" आता तो बाहेर कसा जाणार?

तावेर्नवाला घाम पुसत म्हणाला, "जसो हाडलो तसो व्हरतांव."

"घरचें भुरगें नासतना? म्हज्या उंबऱ्यावेल्यान? हात लावन पळय!"

त्यानं हात लावला नाही. ढोलवालाही मागं सरकला. भाषेच्या प्रश्नावर जे एकमेकांना जुमानत नव्हते, त्यांची सासूबाईंसमोर वाचा बसली. अशा रीतीनं वाड्यातला एकुलता एक पाळणा, मूल नको म्हणून ठरवून बसलेल्या वाड्यातल्या एकुलत्या एका जोडप्याच्या घरात अडकला.

नवरा कामावरून आला, पाळणा बघितला आणि माझ्याकडे बघत राहिला. "माझ्याकडे काय बघता?" मी तडकले. "हा तुमच्या भाषावाद्यांचा प्रसाद."

आठवड्यानं वरच्या घरी मुलगा झाला. बारशाच्या दिवशी ते सगळं घर आमच्याकडे आलं, कारण आमच्या घरचं बाळ असल्याशिवाय पाळणा जाऊ शकत नव्हता. सोप्यात पंचवीस बाया, उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे, पाळण्याची गाणी. रिवाजाप्रमाणे वरवंट्याला कुंची घालून आधी तो पाळण्यात ठेवला, मग बाळाला. मी यजमानीण, म्हणून बाळाच्या कानात 'कुर्र' करायला मलाच पुढं ढकललं. होडीला भोक पडल्याचं सांगणारी मी, वाकून त्या एवढ्याशा कानाशी कुर्र म्हणाले, आणि ते पोर माझ्या नाकावर शिंकलं. सगळ्या बाया खो खो हसल्या. मीही हसले. रागावायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या एका वर्षात आमच्या सोप्यात पाच बारशी झाली. पण बारसं एक दिवसाचं. बाळाला झोप रोज लागते. काजूच्या दिवसांत बायांना रानात बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायला जायचं असे, मग दुपारी पोर आमच्या पाळण्यात आणि सासूबाईंच्या देखरेखीखाली. मी दोन वाजता शाळेतून यायचे तर पाळण्यात एक, चटईवर एक, आणि तिसरं आईच्या कडेवर बसून आपली पाळी कधी येते म्हणून भोकाड पसरलेलं. मी शाळेतून सुटून शाळेतच यायचे म्हणा ना. कुणाचं काय ओलं झालं, कुणाला उचकी लागली, यातच संध्याकाळ व्हायची. पेपर वाचायला वेळ मिळेना. जगाचं काय चाललंय ते मला दोनदोन दिवस कळत नसे आणि जग तरीही चालू असे, हे मला जरा अपमानास्पदच वाटायचं.

तावेर्नवाल्याच्या मागच्या खोलीत एक कुटुंब भाड्यानं राहायचं. नवरा कोल्हापूरकडचा, खाणीचा ट्रक चालवणारा. बायको विशीतली, पोर चार महिन्यांचं. ती रस्त्याकडेला आंब्याच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात पोराला निजवायची आणि शेजारीच धुणं धुवायची. ट्रक गेला की झोळी लाल होऊन जायची. एक दिवस सासूबाई गेल्या आणि झोळीतलं पोर उचलून घेऊनच आल्या. मागून ती बाई धावत. पापण्यांवर लाल धूळ बसलेलं ते पोर सासूबाईंनी पुसलं आणि पाळण्यात ठेवलं. सोप्यात बसलेली एकजण कुजबुजली, "तीं भायलीं न्ही?" ती बाहेरची माणसं ना?

"तिचें भुरगें आमच्या वाड्याचो धुल्ल खाता," सासूबाई म्हणाल्या, "मागीर आमच्या पाळण्यांत कित्याक न्हिदचें ना?"

आमची धूळ खातं, मग आमच्या पाळण्यात का झोपू नये? ती बाई रोज यायला लागली. मला ती आवडायची. ती मोठ्यानं हसायची आणि मला अजिबात घाबरायची नाही. पण माझी खोड जाते कुठं? एक दिवस मी तिला गाठलंच. म्हटलं, "तुम्हाला भीती नाही वाटत? ही धूळ, हे पाणी, भाड्याची खोली. कशाच्या भरवशावर आणलंत याला जगात?" आज ते वाक्य आठवलं की मला लाज वाटते. दुसऱ्याच्या मांडीवर बसलेल्या पोराबद्दल असं विचारू नये.

ती चिडली नाही. पोराच्या टाळूला तेल चोळत म्हणाली, "बाई, तुमी साळंत पोरास्नी रोज काय सांगता? उद्या ह्ये पाठ करून या, आसंच न्हवं?"

"हो. मग?"

"मग उद्या हाय म्हनूनच सांगता न्हवं? का उगंच?"

मी म्हटलं, ते वेगळं. ती पोरं जन्माला आलेलीच आहेत, त्यांना शिकवायलाच हवं. जी नाहीत त्यांना मुद्दाम बोलावण्याचा प्रश्न आहे. मी बरंच बोलले. ती ऐकत होती आणि पोराचे पाय मोडून सायकल चालवल्यासारखे फिरवत होती. पोर खिदळत होतं. शेवटी ती म्हणाली, "तुमचं समदं बराबर हाय वो बाई. जरा धरता का ह्याला? च्या टाकते." आणि पोर माझ्या हातात देऊन ती आमच्याच चुलीकडे गेली.

वादात मी हरले नव्हते. आजही मला वाटतं, तर्कात मी तिच्या वरचढ होते. पण रोज सकाळी फळ्यावर 'उद्याचा अभ्यास' लिहिताना खडू थांबायला लागला. सत्तर पोरांना मी उद्याचं वचन रोज देत होते, आणि ते देताना मला कधी खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. खोटं वाटत होतं ते माझं भाषण. मला मूल हवं होतं. हे स्वतःशी कबूल करायला मला उन्हाळा सरावा लागला, आणि कबूल केल्यावर मी इतकी सुखावले की त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना अभ्यासातून सुटी दिली.

पण मूल काय एकटीच्या हवेपणानं होतं? लग्नाची अट मीच घातली होती, आणि नवऱ्यानं ती माझ्यापेक्षा खरेपणानं पाळली होती. माझं 'नको' पेपरातलं होतं. त्याचं रोजच्या आठ तासांचं होतं. तो पाळण्याजवळ फिरकत नसे. दारातून आला की कडेकडेनं आत जाई. आता त्याच्याशी बोलायचं कसं? तो 'नाही' म्हणाला तर त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी विहिरीवरून आले तर सोप्यातून त्याचा आवाज येत होता. सासूबाई गोठ्यात आणि ट्रकवाल्याचं पोर पाळण्यात रडत असावं. हा पठ्ठ्या पाळण्याची दोरी ओढत हळू आवाजात म्हणत होता, "एक ट्रक आयलो. दोन ट्रक आयले. तीन ट्रक आयले..." त्याला अंगाई कुठली यायला? जे येत होतं ते तो गात होता. मी दाराशी उभी राहिले. एकोणचाळिसाव्या ट्रकाला पोर झोपलं. तरी तो चाळिसापर्यंत गेला. अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती. मग त्यानं बोट पुढं करून पोराच्या पापणीवरची धूळ टिपली आणि ते लाल बोट कितीतरी वेळ बघत बसला.

मी आत गेले आणि पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. म्हटलं, "म्हाका जाय." मला हवंय. काय हवंय ते त्यानं विचारलं नाही.

तो म्हणाला, "फाल्यां ताणें विचारलें, दोंगर खंय गेलो, जाल्यार?" उद्या त्यानं विचारलं, डोंगर कुठं गेला, तर?

"खरें सांगूया," मी म्हटलं. "बार्जींत चडयलो म्हण सांगूया. तुमी चडयलो म्हण सांगूया."

"आनी मागीर?"

"मागीर तें आमचेकडेन झगडटलें. झगडपाक तरी कोण तरी जाय न्ही?"

भांडायला तरी कुणीतरी हवं ना? हे मी आधी योजलेलं नव्हतं, तोंडातून गेलं. तो हसला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदाच असा पोट हलेपर्यंत हसताना पाहिलं. पोर दचकून जागं झालं आणि त्याला पुन्हा एक ट्रकापासून सुरुवात करावी लागली.

मी सासूबाईंना दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा गोवा राज्य होऊन वर्ष लोटलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि म्हणाल्या, "हांव गाय पळोवन येतां." त्या दिवशी मी मागोमाग गेले. गायीच्या मानेत तोंड घालून त्या रडत होत्या. म्हणजे गोठ्यात त्या रागावायलाच जात होत्या असं नाही.

मुलगी माझ्या माहेरी मांद्र्याला झाली. तीन महिन्यांनी तिला घेऊन आले तर अर्धा वाडा दारात. पाळणा घासून, तेल लावून, चोच तुटलेला पोपट लाल रंगवून तयार. माझी मुलगी त्यात एक मिनिटही झोपायला तयार नव्हती. शेवटी बापानं ट्रक मोजले.

ती चालायला लागली तेव्हा ट्रकवाल्याच्या बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पाळणा आता तिच्याकडे जायचा. लेकीला पाळण्यात बसवलं, तावेर्नवाला पुढं, ढोलवाला मागं. भाषेचा कायदा होऊन गेला होता आणि आता ते नवीन नगरपालिकेवरून भांडत होते. पाळणा उंबऱ्यावरून जाणार इतक्यात वाड्यातली म्हातारी सुईण, जिला आमच्याकडे वयजीण म्हणतात, ती आली. ही बाई तीन वर्षं मुरगावला मुलाकडे राहायला होती आणि सणापुरती परतली होती.

"पाळणो हांगा कसो?" मूल नको म्हणणाऱ्यांच्या घरात पाळणा बघून तिनं विचारलं. आम्ही तिला हकिगत सांगितली. ती ऐकतच राहिली. मग म्हणाली, "भुरगें नाशिल्लें म्हण रावले? वरवंटो घालून व्हरपाचो न्ही! तसोच तर व्हरतात." घरात बाळ नसलं तर घरचा वरवंटा ठेवायचा आणि न्यायचा. पाळण्याच्या लेखी तो घरचं बाळच.

माझ्या डोळ्यांसमोर पाच बारशी झाली होती. पाचही वेळा कुंची घातलेला वरवंटा माझ्या डोळ्यांदेखत त्या पाळण्यात ठेवला होता, आणि तो वरवंटा आमच्याच पाट्यावरचा! मी एकेका बाईकडे बघत गेले. कुणी आढ्याकडे बघू लागली, कुणी पदराचं टोक चावू लागली. सगळ्यांना माहीत होतं. अख्ख्या वाड्याला माहीत होतं. पेपर वाचणारी मी आणि बायकांचं शास्त्र ज्याला कुणी कधी सांगितलं नाही तो माझा नवरा, एवढे दोघेच अडाणी. मी सासूबाईंकडे वळले.

"हांव गाय पळोवन येतां," त्या म्हणाल्या.

दोन दिवस मी फुरंगटून होते. मग माझं मलाच हसू यायला लागलं. फसवलं म्हणावं तर कुणी मला 'मूल होऊ दे' म्हटलं नव्हतं. एका शब्दानं नाही. त्यांनी माझ्या सोप्यात फक्त दुसऱ्यांची मुलं आणून ठेवली होती, आणि त्यांच्या रडण्यात माझं भाषण मला ऐकू येईनासं झालं होतं.

मात्र नवऱ्याचा प्रश्न तसाच होता. मुलगी बोलायला लागली, शाळेत जायला लागली. तो वाट बघत होता, हे मला दिसत होतं. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा तो तिच्याकडे बघायचा. नोकरी त्यानं सोडली नव्हती. सोडतो म्हणायचा, पण पगार दर महिन्याला येत होता आणि आम्ही तो घेत होतो.

ती सात वर्षांची असेल. काजूच्या दिवसांतली सकाळ. घरामागच्या रानात बोंडू वेचून आम्ही तिघं समोरच्या बाजूला खाणीच्या कडेपर्यंत गेलो होतो. पूर्वी तिथं डोंगर होता. आता खाली खोल खड्डा, तळाशी हिरवं पाणी. तिनं एक बोंडू पाण्यात भिरकावला. आवाज यायला वेळ लागला.

"बाबा, हांगा कितें आशिल्लें?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. ठरलं होतं ते ठरलं होतं.

"दोंगर आशिल्लो," तो म्हणाला.

"खंय गेलो?"

"बार्जींत घालून धाडलो. हांवेंच मेजून धाडलो."

तिनं बापाकडे नीट पाहिलं. मी मनात जय्यत तयारी केली होती. ती आता विचारेल, मग मला कशाला आणलंत? त्याचं उत्तर मला सात वर्षांत सापडलं नव्हतं.

"म्हाका दाखयनासतना?" ती म्हणाली. मला न दाखवता?

"तूं नाशिल्लें तेन्ना, बाये." तेव्हा तू नव्हतीस.

"मागीर रावपाचें आशिल्लें," ती म्हणाली.

मग थांबायचं होतं. बस, एवढंच. तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. मी येणारच होते, तर जरा थांबायचं होतं, असा तिचा सरळ हिशेब. आम्ही दोघं कित्येक वर्षं घोकत होतो की जग असं आहे तर मुलाला थांबवावं. डोंगराला कुणी थांबवावं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तिनं मागं वळून आमच्या घरामागच्या डोंगराकडे बोट केलं, जिथून आम्ही आत्ताच बोंडू वेचून आणले होते. "तोय वतलो?" तोही जाणार?

"ना," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. धक्क्यावरच्या क्लार्काला असलं वचन द्यायचा अधिकार कुणी दिला होता? त्याच महिन्यात त्यानं नोकरी सोडली आणि सासूबाईंबरोबर काजूच्या रानात राबू लागला. आमटी जरा पातळ झाली, पण मी मास्तरीण होतेच.

पुढच्या वर्षी खाणीची माणसं आली. दुर्बिणी, साखळ्या, खुंट्या घेऊन. घरामागच्या डोंगरावर मापं घ्यायची होती. नवरा मुलीला खांद्यावर घेऊन पायवाटेवर उभा राहिला. मी त्याच्यामागं. मला वाटलं होतं आम्ही तिघंच असू, फार तर सासूबाई. पण मागून पावलांचे आवाज यायला लागले. तावेर्नवाला धापा टाकत आला, ढोलवाला चक्क ढोल घेऊन आला. बारशाला माझ्या नाकावर शिंकलेला पोरगा आला. ट्रकवाल्याची बायको दोन्ही पोरांना बखोटीला धरून आली, आणि तिचा नवरा ट्रक रस्त्यात आडवा लावून आला. आमच्या पाळण्यातली सगळी पोरं पायवाटभर पसरली आणि खेळायलाच लागली.

मुख्य साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, फक्त मोजायचं आहे."

"मोजणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे," नवरा शुद्ध मराठीत म्हणाला. मग श्वास घेऊन आपल्या बोलीत म्हणाला, "नाका."

"नाका!" कोंकणीचा कैवारी ओरडला. "नाका!" मराठीचा कैवारी त्याच्याहून मोठ्यानं ओरडला आणि ढोलावर थाप मारली. पोरांना तो खेळ वाटला. मग काय, पायवाटभर नाका, नाका, नाका. माझी मुलगी बापाच्या खांद्यावर सगळ्यांत उंच बसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. माडाखाली वाळू उकरत हाच शब्द पुटपुटणारा माणूस मला आठवला. शब्द तोच होता, फक्त त्या वेळी आम्ही तो चुकीच्या माणसाला म्हणत होतो.

साहेब गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. डोंगर अजून आहे. घाईत त्यांनी टाकून दिलेल्या खुंट्या सासूबाईंनी गोळा करून आणल्या आणि त्यांतल्या एकीला वासरू बांधलं.